सांस्कृतिक संसाधन सल्लासेवेतील ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ

महामार्ग, धरणे, वायुवाहिन्या, वीजवाहिन्या, लष्करी तळ इत्यादींच्या बांधकामामुळे जमिनीतील प्राचीन अवशेषांना व ऐतिहासिक वास्तूंना पोहोचू शकणारी हानी काम सुरू होण्यापूर्वीच शोधून तिचे मूल्यमापन करणाऱ्या सल्लागार संस्थेतील जबाबदार अभ्यासकाचे पद. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे पद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. तेथील बहुसंख्य व्यावसायिक पुरातत्त्वज्ञ आज विद्यापीठांत किंवा संग्रहालयांत नसून याच क्षेत्रात आहेत. ब्रिटनमध्ये १९९० च्या नियोजनविषयक मार्गदर्शक धोरणानंतर व यूरोपातील अन्य देशांत पुरातत्त्वीय वारशाच्या संरक्षणासाठीच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारानंतर अशीच व्यवस्था उभी राहिली. तथापि प्रस्तुत नोंद अमेरिकी पद्धतीपुरती मर्यादित आहे.

‘सांस्कृतिक संसाधन’ या संज्ञेच्या उगमाबाबत मतभेद आहेत. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ती प्रचारात आली, याबद्दल सर्वसाधारण एकमत आहे. काही अभ्यासक तिचे श्रेय राष्ट्रीय उद्यान सेवेतील तज्ज्ञांना देतात, तर काहींच्या मते नैऋत्येकडील राज्यांतील पुरातत्त्वज्ञांनी ‘नैसर्गिक संसाधन’ या तेव्हा नव्याने वजन आलेल्या संज्ञेच्या धर्तीवर ती घडविली. दोन्ही गटांचा परस्परांशी नित्य संबंध होता, हे लक्षात घेता या मतांत फार अंतर मानण्याचे कारण दिसत नाही. संज्ञेच्या व्याप्तीचा वाद मात्र अधिक महत्त्वाचा आहे. पुष्कळ पुरातत्त्वज्ञांनी ती ‘प्रकल्पपूर्व पुरातत्त्व’ या मर्यादित अर्थाने वापरली. ऐतिहासिक जतनाच्या क्षेत्रातील अमेरिकी पुरातत्त्वज्ञ टॉमस किंग यांनी या संकोचाला सातत्याने हरकत घेतली : इमारती, सांस्कृतिक भूदृश्ये, मूलनिवासी जमातींची पवित्र स्थाने व एखाद्या समाजाच्या जगण्याशी निगडित जागा या सर्वांचा तीत समावेश होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १९९० मध्ये पॅट्रिशिया पार्कर व किंग यांनी पारंपरिक सांस्कृतिक स्थळांविषयी सिद्ध केलेल्या शासकीय मार्गदर्शिकेने या व्यापक अर्थाला बळ दिले. कायद्याच्या भाषेशी हाच अर्थ जुळतो आणि ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञाच्या कामाची मर्यादाही त्यावरूनच ठरते. कारण त्याने केवळ जमिनीखाली पाहिले, तर कित्येक बाधित जागा अहवालात येतच नाहीत.

या पदाचा उगम विद्यापीठीय संशोधनाच्या विस्तारात नाही, तर कायद्याने निर्माण केलेल्या गरजेत आहे. १९०६ च्या पुरावस्तू कायद्याने संघराज्याच्या जमिनींवरील अवशेषांना संरक्षण दिले होते. परंतु प्रकल्पांवर अभ्यासाचे बंधन नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर मिसूरी व अन्य नद्यांच्या खोऱ्यांत धरणे बांधली जाऊ लागली, तेव्हा पाणी चढण्यापूर्वी हाती लागेल ते वाचविण्याची ‘बचाव’ उत्खनने स्मिथसोनियन संस्थेने केली. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्यातील कलम १०६ मुळे चित्र पालटले. संघराज्याचा निधी, परवाना किंवा मंजुरी असलेल्या प्रत्येक प्रकल्पाचा ऐतिहासिक स्थळांवर होणारा परिणाम विचारात घेणे संबंधित खात्यांना बंधनकारक झाले. १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने या कर्तव्याची व्याप्ती वाढविली, तर १९७४ च्या कायद्याने प्रकल्पखर्चाच्या एक टक्क्यापर्यंत रक्कम अवशेषांच्या अभ्यासासाठी खर्च करण्याची मुभा दिली. त्याच वर्षी अमेरिकी पुरातत्त्वज्ञ विल्यम लाइप यांनी उत्खनन हा शेवटचा उपाय मानून स्थळे शक्यतो जागच्या जागी राखावीत, असा विचार मांडला. बचावाकडून जतनाकडे झालेल्या या वळणाचे ते महत्त्वाचे विधान मानले जाते. खाजगी जमिनीवरील प्रकल्पात संघराज्याचा कोणताही संबंध नसेल, तर कलम १०६ लागू होत नाही. राज्यांचे कायदे ही उणीव कमी-अधिक प्रमाणात भरून काढतात.

पात्रतेचे निकष अंतर्गत व्यवहार खात्याने १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. पुरातत्त्व, मानवशास्त्र किंवा निकटच्या विषयातील पदव्युत्तर पदवी, किमान एक वर्षाचा पूर्णवेळ व्यावसायिक अनुभव किंवा तत्सम प्रशिक्षण, उत्तर अमेरिकी पुरातत्त्वातील किमान चार महिन्यांचे देखरेखीखालील क्षेत्रकार्य व विश्लेषण आणि हाती घेतलेले संशोधन तडीस नेल्याचा पुरावा अशा अटी त्यांत आहेत. प्रमुख अन्वेषकाकडून, म्हणजे प्रकल्पातील संशोधनाची जबाबदारी वाहणाऱ्याकडून, संबंधित कालखंडातील एक वर्षाच्या पर्यवेक्षणाचा अनुभवही अपेक्षित असतो. व्यावसायिक पुरातत्त्वज्ञांची नोंदवही १९९८ पासून अस्तित्वात असून नोंदणी केलेल्यांना आचारसंहिता पाळावी लागते.

कामाचे सामान्यतः तीन टप्पे मानतात : सर्वेक्षण, मूल्यमापन आणि माहिती-उत्खनन. दाट गवताच्या किंवा जंगलाच्या प्रदेशात सर्वेक्षण प्रामुख्याने फावड्याच्या चाचणी खड्ड्यांनी होते. ठराविक अंतरावर, बहुधा १५ किंवा ३० मी.वर, सुमारे ३० सेंमी. व्यासाचा खड्डा घेऊन निघालेली माती पाव इंची जाळीतून चाळतात. मातीचा रंग मुनसेल तक्त्याशी, म्हणजे रंगांच्या प्रमाणित नमुन्यांशी, ताडून लिहितात. वरचा नांगरटीचा थर गडद तपकिरी व एकजीव असतो. त्याखाली पिवळसर, घट्ट, मानवी हस्तक्षेप नसलेली माती लागली की खड्डा थांबवितात. चाळणीत उरलेला नखाएवढा दगडी छिलका निसर्गतः फुटलेला आहे की घडविलेला, हे आघातपृष्ठ (जेथे घाव बसला तो पृष्ठभाग) व आघातकंद (त्याखाली उठलेला फुगवटा) पाहून ठरवावे लागते. एकाच छिलक्यामुळे तेथे स्थळ मानावे की सुटा शोध, याचे नियम राज्यागणिक बदलतात. हे काम क्षेत्र-तंत्रज्ञ करतात. खड्ड्यांचे अंतर ठरविणे, शंकास्पद जागी ते निम्मे करणे आणि ‘काही आढळले नाही’ या निष्कर्षाची जबाबदारी स्वीकारणे ज्येष्ठाकडे असते.

या पदाचा गाभा महत्त्वनिर्णयात, म्हणजे स्थळ जतनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे की नाही हे ठरविण्यात, आहे. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी चार निकष असून पुरातत्त्वीय स्थळे बहुधा चौथ्या निकषावर, म्हणजे इतिहास वा प्रागितिहासाविषयी महत्त्वाची माहिती देण्याच्या क्षमतेवर, पात्र ठरतात. नोंदवहीत प्रत्यक्ष समावेश आवश्यक नसतो. कलम १०६ खाली विचार होण्यास पात्रता पुरेशी असते. साहजिकच स्थळाचे भवितव्य मूल्यमापनातील एका परिच्छेदावर अवलंबून राहते. पूर्वीच्या नियमांनुसार, ज्या स्थळाचे मोल केवळ माहितीपुरते आहे त्याचे रीतसर उत्खनन केले, तर ‘प्रतिकूल परिणाम नाही’ असे नोंदविता येत असे. १९९९ च्या सुधारित नियमांनी ही सवलत काढली. तेव्हापासून स्थळाचा नाश हा, उत्खनन होऊनही, प्रतिकूल परिणामच गणला जातो व त्यासाठी लेखी करारनामा करावा लागतो. नवी तरतूद अधिक प्रामाणिक म्हटली पाहिजे, कारण उत्खननानेही स्थळ संपतेच.

निर्णयाचा अधिकार संबंधित संघीय खात्याकडे असतो. सल्लागाराचे काम शिफारशीपुरते असते. राज्य ऐतिहासिक जतन अधिकाऱ्यास प्रत्येक निष्कर्षावर मत देण्यासाठी सामान्यतः ३० दिवस मिळतात. १९९२ च्या दुरुस्तीनंतर जमातींनाही स्वतःचे जतन अधिकारी नेमता येतात. विचारविनिमय अपुरा राहिल्यास काय घडते, ते न्यूयॉर्कमधील आफ्रिकी दफनभूमीच्या प्रकरणात दिसले. अठराव्या शतकाच्या नकाशांत ही दफनभूमी दाखविलेली होती. परंतु नंतरच्या इमारतींच्या पायांमुळे ती बव्हंशी नष्ट झाली असावी, असा समज होता. १९९१ मध्ये संघीय कार्यालयाच्या बांधकामासाठी उत्खनन सुरू झाले, तेव्हा जाड भरावाखाली दफने सुस्थितीत आढळली. कृष्णवर्णीय समाजाच्या तीव्र विरोधानंतर १९९२ मध्ये उत्खनन थांबविण्यात आले. ४१९ व्यक्तींच्या अवशेषांचा हॉवर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली अभ्यास झाला, २००३ मध्ये त्यांचे पुनर्दफन करण्यात आले व २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक घोषित झाली. संघराज्याच्या व जमातींच्या जमिनींवर मूलनिवासींची दफने आढळल्यास १९९० चा स्वतंत्र कायदा लागू होतो.

क्षेत्रकार्यानंतर वस्तू धुणे, त्यांना क्रमांक देणे, कोळशाचे कालमापन व संग्रहालयात कायम जतन ही कामे येतात. अंदाजपत्रकात त्यांची तरतूद आरंभीच करावी लागते. अहवालांच्या प्रती मोजक्याच निघतात व त्या प्रामुख्याने राज्य कार्यालयांच्या दप्तरी राहतात. ॲरिझोना राज्य विद्यापीठाशी संलग्न अंकीय संग्रहात आता त्यांपैकी पुष्कळ उपलब्ध आहेत. स्थळांचे नेमके स्थान मात्र १९६६ च्या कायद्यातील कलम ३०४ च्या आधारे लुटीच्या भयास्तव गोपनीय ठेवता येते. त्यामुळे सार्वजनिक प्रतीतून नकाशे वगळलेले आढळतात.