ठळक तिरपा जाहिरात-टंक

जाड, उजवीकडे झुकलेल्या आणि टोकांना फाटे नसलेल्या अक्षरांचा टंक, म्हणजे फॉण्ट. मजकुरासाठी नव्हे, तर दुरून वाचायच्या मोठ्या शब्दांसाठी तो वापरतात. सोलापुरात तो ट्रॅव्हल्सच्या बसवर, क्रीडा स्पर्धांच्या फलकांवर आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत चौकाचौकांतल्या ‘डिजिटल’वर, म्हणजे छापील फ्लेक्सवर दिसतो.

रोमन लिपीत तिरपे वळण इटलीत सुमारे 1500 साली आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यात घडले. त्याचे छपाईचे खिळे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले. फाटे नसलेला छापील टंक 1816 च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम कॅझलन चौथा या टंकनिर्मात्याच्या टंक-नमुन्यात आला. या दोहोंच्या जाड मिश्रणाला पुढे वेगाचा अर्थ चिकटला.

देवनागरीत शब्दावर जोर द्यायला अक्षर तिरपे करण्याची जुनी चाल नाही. त्यामुळे पुष्कळ फॉण्टना तिरपी जोडी नसते आणि संगणक सरळ अक्षरालाच ढकलून झुकवतो. खरी बिघाडाची जागा हीच. असे ढकलले की काना किंचित बारीक होतो, शिरोरेषेची जाडी मात्र तेवढीच राहते. ‘व’च्या पोटाचा उजवा वरचा आणि डावा खालचा भाग फुगतो, उरलेले दोन कोपरे रोडावतात. झुकाव 12 अंशांचा असेल, तर पायरेषेच्या, म्हणजे अक्षरे जिच्यावर उभी असतात त्या रेषेच्या, वरचे चिन्ह आपल्या उंचीच्या पाचव्या हिश्शाएवढे उजवीकडे सरकते. म्हणजे मात्रा, रफार पुढच्या अक्षरावर जातात आणि उकार मागे, डावीकडे राहतो. ‘सिद्धेश्वर’ हा सोलापूरकरांच्या रोजच्या ओठांवरचा शब्द असा झुकवून पाहावा. पहिली वेलांटी, ‘द्धे’ची मात्रा आणि ‘श्व’ची गर्दी, तिन्ही ठिकाणी हात लावावा लागतो. त्यात जाडी वाढली की ‘द्ध’च्या आतली पोकळी बुजते आणि दहा पावलांवरून नुसता काळा डाग दिसतो. म्हणून चांगला टंक मुळातून तिरपा रेखाटतात: पोकळ्या मोकळ्या ठेवून, जोडाक्षराच्या आतल्या रेषा बारीक करून, मात्रा मागे ओढून. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ही त्यात हवेत, ‘सोलापूर’ लिहायचे तर ‘ल’ चुकून चालणार नाही.

ब्रशने पाटी रंगवणारे पेंटर यासाठी वेगळी वाट धरतात. ते पुष्कळदा अक्षर फारसे न झुकवता ओळच चढती घेतात, खाली सावली देतात. शिरोरेषाही शब्दाबरोबर चढत असल्याने अक्षर तिच्याशी काटकोनातच राहते. माझ्या मते देवनागरीला हा वेग जास्त शोभतो.

सोलापुरात मराठीशेजारी कन्नड, तेलुगू आणि उर्दूही नांदतात. कन्नड-तेलुगूच्या गोल अक्षरांना सलग शिरोरेषा नाही, त्यामुळे झुकल्यावर ती वेगळ्याच तोलाने उभी राहतात. उर्दूच्या नस्तालीक या लेखनवळणात शब्द मुळातच उजवीकडून डावीकडे खाली उतरत येतो. त्याला आणखी झुकवणे म्हणजे त्याची लय मोडणे. एकाच फलकावर या लिपी आल्या तर प्रत्येकीचा कोन डोळ्याने ठरवावा, सगळ्यांना एकच आकडा लावू नये.

दुकानांच्या पाट्यांबाबत 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर देवनागरी मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान ठेवता येत नाहीत. त्यामुळे रोमन नावाला तिरपा टंक आणि मराठीला फॉण्ट-यादीतला जो हाती लागेल तो, ही जोडी आता पूर्वीपेक्षा जास्त डोळ्यांवर येते.