व्रणीय बृहदांत्रशोथ : तीव्रतेचे निकष

रुग्णांत आणि डॉक्टरांत ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ या नावानेच अधिक परिचित असलेला मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन विकार. यात आतड्याच्या श्लेष्मकलेला (आतल्या अस्तराला) सूज येऊन उथळ व्रण पडतात. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मध्ये निरोगी पट्टा न सोडता वरच्या दिशेने पसरते. रक्त व आव पडणे, मुरडा, शौचाची अनावर घाई आणि जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना ही नेहमीची लक्षणे होत. एकाच निदानाचा एक रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा सांभाळून राहतो, तर दुसऱ्याचे आतडे आठवडाभरात काढून टाकावे लागते. त्यामुळे या विकारात निदानाइतकेच महत्त्व तीव्रता ठरवण्याला आहे.

विकाराचे पहिले वर्णन लंडनचे वैद्य सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये केले असे बहुतेक ग्रंथांत आढळते. त्यामागे एक खटला आहे. इझाबेला बँक्स ही स्त्री जुलाब व ज्वराने मरण पावली. तिच्याशी द्विभार्या विवाह केलेल्या डॉ. थॉमस स्मेथर्स्ट यांच्यावर विषप्रयोगाचा आरोप येऊन त्यांना फाशीची शिक्षा झाली. वैद्यकीय पुराव्याबद्दल वाद माजल्यावर त्यांना माफी मिळाली. द्विभार्येच्या गुन्ह्यासाठी मात्र तुरुंगवास चुकला नाही. विल्क्स यांनी मृत स्त्रीचे आतडे तपासून त्यातील व्रणांचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु सूज लहान आतड्याच्या शेवटच्या भागातही होती, म्हणून हा रोग १९३२ मध्ये स्वतंत्रपणे वर्णिलेला, लहान आतड्यालाही ग्रासणारा क्रोन रोग असावा, असे नंतरच्या काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. वर्णिलेल्या लक्षणांकडे पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे मानल्यास विल्क्स व मॉक्सन यांनी १८७५ च्या सुमारास दिलेले वर्णन आरंभबिंदू धरावे लागते. चरक व सुश्रुत संहितांतील रक्तातिसार आणि प्रवाहिका यांच्याशी हा विकार जोडण्याचा प्रयत्न होतो. तथापि त्या वर्णनांत जंतुजन्य आमांशही बसतो, त्यामुळे त्यांचे एकीकरण निःशंकपणे करता येत नाही.

व्याप्ती आणि तीव्रता या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. २००५ च्या माँट्रिअल वर्गीकरणात त्या वेगळ्या मोजल्या आहेत. व्याप्तीचे तीन प्रकार आहेत : केवळ गुदाशय, प्लीहेजवळच्या वळणापर्यंतचा डावा भाग आणि त्यापलीकडे पसरलेला विकार. तीव्रतेच्या शांत, सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा चार पायऱ्या आहेत. गुदाशयापुरती सूज असलेला रुग्ण दिवसातून दहा वेळा रक्त पडून हैराण होऊ शकतो. उलट संपूर्ण आतडे ग्रासलेल्या, विशेषतः पित्तनलिकांचा शोथही असलेल्या रुग्णाला पोटाचा त्रास नावापुरताच असतो, मात्र त्याला कर्करोगाचा धोका अधिक असतो. म्हणजे आजचा त्रास आणि उद्याचा धोका यांची मापे निराळी आहेत.

तीव्रतेचा सर्वांत जुना व अजूनही रोजच्या वापरातला निकष ट्रुलव्ह आणि विट्स यांचा आहे. ऑक्सफर्डच्या या दोघांनी कॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या चाचणीसाठी तो योजला आणि १९५५ मध्ये चाचणीचे अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसातून चार किंवा त्याहून कमी शौच, थोडे रक्त, ज्वर नाही व नाडी वाढलेली नाही, तर विकार सौम्य. रक्तयुक्त शौच सहा किंवा अधिक वेळा आणि त्यासोबत ३७.८ अंश सेल्सिअसवर ज्वर, मिनिटाला ९० हून अधिक नाडी, १०.५ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन किंवा पहिल्या तासात ३० मिमी.हून अधिक ईएसआर (रक्तातील लाल पेशी खाली बसण्याचा वेग, जो सुजेत वाढतो) यांपैकी एक जरी असले, तरी आज तो तीव्र धरतात. उरलेले मध्यम.

सोलापूरसारख्या ठिकाणी हे आकडे जसेच्या तसे लावताना सावधगिरी लागते. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना मुळातच रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले आहे. विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईचे हिमोग्लोबिन साडेनऊ असेल, तर त्यातला किती भाग आतड्याचा आणि किती आधीपासूनच्या लोहाच्या कमतरतेचा हे जुना रिपोर्ट पाहिल्यावाचून कळत नाही. रक्तक्षयाने ईएसआरही वर जातो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जुलाबाच्या रुग्णाची नाडी पाणी कमी पडल्यानेही धावते. शौचाच्या मोजणीचाही प्रश्न असतोच. सार्वजनिक शौचालय वापरणारा यंत्रमाग कामगार घाई लागली तरी कळ दाबून बसतो आणि ‘तीन-चारदा’ एवढेच सांगतो. त्यामुळे ‘रात्री झोपेतून उठावे लागते का’, हा प्रश्न आकड्यापेक्षा उपयोगी ठरतो. तो मराठीबरोबरच तेलुगू आणि कन्नडमध्येही विचारता यावा लागतो, ही या शहराची गरज.

दुर्बिणीच्या तपासणीत सौम्य अवस्थेत श्लेष्मकला लालसर दिसते आणि एरवी स्पष्ट दिसणारी सूक्ष्म रक्तवाहिन्यांची जाळी पुसट होते. मध्यम अवस्थेत ती जाळी नाहीशी होते, पृष्ठभागावर ओरखड्यांसारखे उथळ व्रण दिसतात आणि दुर्बीण नुसती टेकली तरी रक्त येते. तीव्र अवस्थेत स्पर्शाशिवायच रक्त झिरपते व व्रण खोल असतात. १९८७ पासून वापरात असलेल्या मेयो गुणांकनात शौचसंख्या, रक्त, दुर्बिणीतील दृश्य आणि वैद्याचे एकूण मत यांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. बेरीज १२ पर्यंत जाते. वैद्याच्या मताला गुण देणे काहींना खटकते व ती हरकत रास्त आहे. मलातील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन सुजेबरोबर वाढते. त्यामुळे दरवेळी दुर्बीण टाळता येते.

तीव्र झटका ही तातडीची अवस्था होय. रुग्णाला दाखल करून शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड (सामान्यतः १०० मिग्रॅ., दिवसातून चार वेळा) देतात. रक्त पडत असूनही रक्त गोठू न देणारे हेपॅरिन देतात, कारण या अवस्थेत शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका मोठा असतो. पोटाच्या साध्या क्ष-किरण चित्रात आडव्या आतड्याची रुंदी ५.५ ते ६ सेंमी.पुढे गेली, तर विषारी विस्फारणाची (आतडे धोकादायकरीत्या फुगण्याची) शंका घेतात. १९९६ च्या ऑक्सफर्ड निकषानुसार तिसऱ्या दिवशी शौच आठहून अधिक वेळा होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा व सीआरपी (सुजेत वाढणारे रक्तातील प्रथिन) ४५ मिग्रॅ./लि.पेक्षा जास्त असेल, तर सुमारे ८५ टक्के रुग्णांत त्याच मुक्कामात आतडे काढावे लागे. इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या वापरानंतर हे प्रमाण घटले. तिसऱ्या दिवशी निर्णय घेण्याची शिस्त मात्र टिकून आहे.

विकाराच्या दीर्घकालीन वाटचालीविषयी नॉर्वेतील दहा वर्षांचा अभ्यास नेहमी उद्धृत होतो : ५५ टक्के रुग्णांत सुरुवातीच्या जोरानंतर त्रास कमी होत गेला, ३७ टक्क्यांत तो येत-जात राहिला, ६ टक्क्यांत सतत राहिला. भारतात पंजाबमधील २००३ च्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे ४४.३ रुग्ण आढळले.

अनेक दिवसांच्या खंडाने येणारे पाणी साठवून वापरणाऱ्या सोलापुरात रक्ती आव प्रथम अमीबाचीच समजली जाते, नाहीतर मूळव्याधीच्या माथी मारली जाते. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांनी दोन-चार दिवस बरे वाटले, की निदान लांबते. उलट चूकही घडू शकते आणि ती अधिक घातक : अमीबाजन्य शोथात स्टेरॉइड दिल्यास आतड्याला छिद्र पडू शकते. म्हणून तीव्रता ठरवण्यापूर्वी ताज्या मलाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, क्लॉस्ट्रिडियम या जंतूची चाचणी आणि स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या रुग्णांत सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूसाठी ऊतकपरीक्षा (आतड्याच्या तुकड्याची तपासणी) आवश्यक ठरते. इन्फ्लिक्सिमॅब देण्याआधी छातीचे क्ष-किरण चित्र व सुप्त क्षयरोगाची तपासणी करतात. तीव्र झटक्यात यासाठी फारसा वेळ उरत नाही, त्यामुळे या तपासण्या दाखल झाल्याच्या पहिल्याच दिवशी उरकण्याचा प्रघात आहे.