उंदराच्या यकृतातली नळ्यांची झाडी

उंदराच्या यकृताचा पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या कुशीत एक-दोन बारीक वर्तुळं दिसतात. पेशींचं कडं आणि मध्ये पोकळी. ही आडवी कापली गेलेली पित्तनलिका. रोगामुळे नलिका वाढल्या की घटल्या, हे बराच काळ अशी वर्तुळं मोजूनच ठरवलं जायचं. पण ती नलिका आली कुठून, पुढे जुळली कुठे, मध्येच संपली तर नाही ना, हे वर्तुळ सांगत नाही. लाकडाच्या चकत्या मोजून झाडाचा डौल कसा कळणार?

पित्त तयार होतं यकृतपेशींमध्ये. दोन शेजारी पेशींच्या मधल्या, जेमतेम एक मायक्रॉन रुंदीच्या फटीत ते झिरपतं. या फटींना स्वतःची भिंतसुद्धा नसते. तिथून ते खऱ्याखुऱ्या नलिकांत येतं, नलिका एकमेकींना मिळत जाड होत जातात आणि शेवटी मुख्य पित्तनलिका लहान आतड्यात उघडते. खोडापासून डहाळीपर्यंत सगळं एकाच चित्रात पकडणं म्हणूनच अवघड.

नलिकेच्या अस्तरपेशींमध्ये केराटिन १९ नावाचं प्रथिन असतं, प्रौढ यकृतपेशींमध्ये ते नसतं. त्याला चिकटणारी प्रतिपिंडं वापरली, की नेमक्या नलिकाच रंगतात. सोय मोठी, पण रंगते ती भिंत. आतली वाट मोकळी आहे का, हे रंग सांगत नाही.

वाट तपासायची तर तिच्यात काहीतरी सोडायला हवं. सर्वांत साधी वस्तू म्हणजे काळी शाई. प्राण्याला वेदनारहित मृत्यू दिल्यावर पोट उघडतात आणि यकृताच्या पाळ्या अलगद वर उलटतात. आतड्याकडे जाणारा, एक मिलिमीटरहूनही बारीक, अर्धपारदर्शक धागा दिसतो. तीच मुख्य नलिका. तिच्यात किंवा पित्ताशयात सुई घालून शाई उलट दिशेने, अगदी हळूहळू ढकलतात. (पित्ताशयाचा मार्ग छोट्या उंदरातच, म्हणजे माउसमध्येच शक्य; त्याचा थोरला भाऊबंद रॅट, त्याला पित्ताशयच नसतं.) सारा खेळ बोटांच्या दाबाचा. कमी पडला तर डहाळ्या कोऱ्या राहतात, जास्त झाला तर नलिका फुटून शाईचा डाग पसरतो. हवेचा एक बुडबुडा अडकला तरी अख्खी फांदी गायब होते आणि ती रोगाने गेली असं वाटू शकतं.

शाई भरली तरी यकृत अपारदर्शकच. मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढून बेंझिल अल्कोहोल आणि बेंझिल बेंझोएटच्या मिश्रणात ते बुडवतात. ऊतीतल्या प्रथिनांचा आणि भोवतालच्या द्रवाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, जुळला, की प्रकाश विखुरणं थांबतं. तपकिरी गोळा काचेसारखा होतो आणि आत काळी झाडी उभी राहते. ही युक्ती जुनी आहे: जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अवयव असे पारदर्शक केले होते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत शाईची जागा राळेने घेतली. शिरेत एक राळ, पित्तनलिकेत दुसरी. क्ष-किरण दोघी कमी-अधिक अडवतात, त्यामुळे सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये दोन्ही जाळी वेगळी ओळखता येतात. फांद्यांची लांबी, जाडी, शिरेपासूनचं अंतर, सगळं मोजता येतं. अलाजील सिंड्रोम या जन्मजात विकारात पित्तनलिका कमी पडतात. त्याच्यासारखी लक्षणं असलेल्या उंदरांवर ही पद्धत वापरली गेली.

तरीही माझं मत शाई आणि प्रतिपिंडं एकत्र वापरण्याच्या बाजूने. आधी शाई भरायची, मग छेद घेऊन केराटिन रंगवायचं. जिथे भिंत रंगली पण आत शाई नाही, ती नलिका बहुधा मुख्य जाळ्याला जोडलेलीच नाही किंवा वाटेत बंद आहे. अर्थात, बुडबुड्याची शंका आधी फेडून घ्यावी लागते.

पेशींमधल्या त्या फटींत मात्र शाई सहसा पोचत नाही. तिथे काम यकृतावरच सोपवतात. भूल दिलेल्या उंदराच्या रक्तात न चमकणारं एक रसायन सोडतात. यकृतपेशी ते आत घेतात, तोडतात आणि चमकणारा भाग स्वतःच पित्तात टाकतात. थोड्याच मिनिटांत फटींचं जाळं उजळू लागतं.