मनगटावरचा बीटा: टाकावा की थांबावं?

ॲपलची वार्षिक डेव्हलपर परिषद जूनच्या सुरुवातीला भरते आणि त्याच दिवशी वॉचओएसच्या, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या प्रणालीच्या, पुढच्या आवृत्तीचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, डेव्हलपरांसाठी (ॲप बनवणाऱ्यांसाठी) खुला होतो. सर्वसामान्यांसाठीचा पब्लिक बीटा साधारण महिन्याभरानं येतो आणि पक्की आवृत्ती सप्टेंबरात. आपल्याकडच्या हिशेबानं सांगायचं तर मृगाच्या पेरणीला सुरुवात आणि सोयाबीन काढणीला आलं की शेवट. हे मधले तीन महिने लातूर, नांदेड, संभाजीनगरातल्या हौशी पोरांचे हात नुसते शिवशिवत असतात. नवं घड्याळमुख, व्यायामाचं नवं पान, झोपेचा नवा आलेख, सगळं दिसतंय आणि आपल्याला मात्र सप्टेंबरपर्यंत थांबायचं?

दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या घड्याळांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येतच नाही. त्यांच्या आत एक छोटी, ठरावीक कामं करणारी प्रणाली असते आणि फोनवरच्या ॲपमधून जे अपडेट येईल ते घ्यायचं, एवढंच ग्राहकाच्या हातात असतं. प्रश्न आहे तो ॲपल वॉच, गॅलेक्सी वॉच, पिक्सेल वॉच अशा महागड्या घड्याळांचा. ती मनगटावरचा छोटा संगणकच आहेत आणि त्यांच्या कंपन्या अधूनमधून बीटा खुला करतात.

बीटा म्हणजे काय हे परभणीच्या माणसाला सांगायला फार शब्द लागू नयेत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं सोयाबीनची एमएयूएस ७१, १६२, ६१२ अशी वाणं दिली. ती काही प्रयोगशाळेतून थेट दुकानात आली नाहीत. आधी संशोधन केंद्राच्या रानात, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांत अशी ती घासून पाहिली जातात, कारण परभणीच्या काळ्या भारी जमिनीत उठून दिसणारं वाण आष्टी-पाटोद्याच्या हलक्या रानात तसंच दिसेल असं नाही. सॉफ्टवेअरचंही तेच. कंपनीच्या कचेरीत शंभर घड्याळांवर चाललेली गोष्ट लाखो लोकांच्या मनगटांवर, वेगवेगळ्या ॲपच्या गर्दीत, वेगवेगळ्या फोनशी जोडलेली असताना चालते का, हे बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. पण शेतकरी नवं वाण सगळ्या रानात टाकत नाही. एकरभर टाकतो, बाकीच्या रानात ओळखीचं बियाणं ठेवतो. घड्याळाचं दुखणं नेमकं इथं आहे. मनगटावर घड्याळ एकच असतं, त्यात एकरभर टाकून बघायची सोय नाही.

“आमच्या ग्रुपमधल्या पाच जणांनी टाकला, कुणालाच काही झालं नाही,” हे वाक्य बीटाच्या दिवसांत हमखास ऐकू येतं. त्याचा हिशेब करून बघू. समजा एखादा बीटा इतका वाईट आहे की दहात एक घड्याळ तो बिघडवतोच. तरीही पाच घड्याळं सुखरूप राहण्याची शक्यता किती? एका घड्याळाची ०.९, म्हणून पाचांची ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के. इतका भिकार बीटा असूनही निम्म्याहून जास्त वेळा पाचही मित्र “काही होत नाही रे” असंच सांगतील.

आता कंपनीच्या बाजूनं बघा. हजारात एकाच घड्याळावर उमटणारी चूक शोधायची आहे आणि चाचणीला ५०० माणसं आहेत. ती चूक त्यांच्यापैकी एकालाही न दिसण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास निघते. माणसं ५,००० केली की तीच शक्यता एक टक्क्याच्याही खाली येते. म्हणून कंपन्यांना तुम्ही-आम्ही हवे असतो. संख्याशास्त्रात याचा एक सोपा आडाखा आहे. ‘न’ चाचण्यांत एकदाही बिघाड दिसला नाही, तर बिघाडाचं प्रमाण ३ भागिले ‘न’ पेक्षा कमी आहे असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. ३०० घड्याळं ठणठणीत राहिली, तर फार तर एवढंच म्हणायचं की बिघाड शेकडा एकापेक्षा कमी आहे. शून्य आहे असं नाही.

आणि हा धोका कागदावरचा नाही. जून २०१८ मध्ये वॉचओएस ५ चा पहिलाच बीटा ॲपलला मागे घ्यावा लागला, कारण तो टाकल्यावर काही घड्याळं पुन्हा सुरूच होईनात. गंमत पुढे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉचओएस ५.१ ही पक्की आवृत्ती आली, तिनंही काही नव्या सिरीज ४ घड्याळांना ॲपलच्या बोधचिन्हावर अडकवून ठेवलं आणि तीही मागे घेऊन नोव्हेंबरात ५.१.१ द्यावी लागली. तेव्हा ‘बीटा धोक्याचा आणि पक्की आवृत्ती बिनधोक’ अशी सरळ रेघ ओढता येत नाही. पक्क्यामध्ये शक्यता बरीच कमी असते, इतकंच. माझ्या मते बिघाड किती वेळा होतो यापेक्षा बिघाड झाल्यावर मागे फिरता येतं का, हा प्रश्न जास्त वजनाचा आहे. घड्याळ इथंच फोनपेक्षा आणि लॅपटॉपपेक्षा वेगळं पडतं.

लॅपटॉपवर नवी प्रणाली पटली नाही तर पेनड्राइव्ह लावून जुनी टाकता येते. आयफोनवरही केबल जोडून, सगळं पुसून, मागची आवृत्ती आणता येते, निदान कंपनी परवानगी देते तोवर. ॲपल वॉचला मात्र ग्राहकानं केबल जोडावी असं छिद्रच नाही. सिरीज ६ पर्यंत पट्टा जिथं सरकवतो त्या खाचेत एक झाकलेलं पोर्ट असायचं, पण ते कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी. सिरीज ७ पासून तेही गेलं. मार्च २०२२ मध्ये आलेल्या वॉचओएस ८.५ आणि आयओएस (आयफोनची प्रणाली) १५.४ पासून अडकलेलं घड्याळ जवळच्या आयफोनवरून सावरण्याची सोय झाली. चांगली सोय आहे, पण ती मेलेल्या घड्याळात जीव आणण्यासाठी, मागच्या आवृत्तीवर नेण्यासाठी नव्हे. बीटा टाकलेलं घड्याळ पूर्वीच्या आवृत्तीवर नेता येत नाही, हे ॲपल स्वतःच स्पष्ट सांगतं.

यामागे आडमुठेपणा नाही. प्रत्येक अपडेटवर कंपनीची डिजिटल सही असते. घड्याळ सुरू होताना आतली चिप ती सही तपासते, जुळली तरच पुढे जाते. जुन्या आवृत्तीतली सुरक्षेची एखादी फट जगजाहीर झालेली असते. मागे जाण्याची वाट मोकळी ठेवली, तर चोर घड्याळावर तीच जुनी आवृत्ती चढवून त्या फटीतून आत शिरेल. म्हणून कंपनी जुन्या आवृत्तीवर सही देणं थांबवते. चोरासाठी बंद केलेलं दार मालकालाही बंदच राहतं. अँड्रॉइडच्या बीटा कार्यक्रमातून मुदतीआधी बाहेर पडता येतं, पण तिथं सगळा डेटा पुसला जातो.

याच सहीमुळे मराठवाड्यातल्या एका नेहमीच्या शंकेचं उत्तरही मिळतं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर? डाउनलोड अर्धवट राहिलं तर ते घड्याळात बसत नाही, कारण फाइल पूर्ण आणि अस्सल असल्याची खात्री पटल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. आणि प्रत्यक्ष बसवताना निदान ५० टक्के चार्जिंग असावं ही ॲपलची अट त्यासाठीच आहे. घड्याळ चार्जरवरून मध्येच काढू नये, बाकी महावितरणला घाबरायचं कारण नाही.

आता बॅटरी. इथं बीटाचा त्रास जवळजवळ ठरलेला. लहान स्मार्टवॉचमध्ये सुमारे ३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते, आजच्या बऱ्याच फोनमध्ये ५,००० ची. ३०० ची बॅटरी १८ तास पुरते म्हणजे घड्याळ सरासरी १७ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतं. बीटामध्ये चुका शोधण्यासाठी पडद्यामागे नोंदी लिहिणारा जास्तीचा कोड असतो, आणि वीज वाचवण्यासाठी करायची घासूनपुसून सफाई बहुधा शेवटच्या टप्प्यात होते. त्यामुळे समजा फक्त ८ मिलिअँपिअर जास्त गेले. बेरीज २५. मग ३०० ची बॅटरी १८ ऐवजी १२ तासांत संपते. फोनला हेच ८ मिलिअँपिअर जाणवलेही नसते. सकाळी सहाला घातलेलं घड्याळ संध्याकाळी सहाला मान टाकतं, मग झोपेची नोंद कसली आणि काय.

त्यात आपला उन्हाळा. ॲपल वॉच (अल्ट्रा सोडून) वापरायचं ते ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात, असं कंपनीच्या तपशिलात लिहिलंय. परभणी-नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, म्हणजे ती मर्यादा आपण सावलीतच ओलांडून बसतो. मोठे बीटा जूनमध्ये येतात, पण मधल्या छोट्या आवृत्त्यांचे बीटा उन्हाळ्यातही चालू असतात. जास्त काम करणारी चिप, बाहेर तापलेली हवा आणि मनगटाची ऊब, सगळं एका बंद डबीत. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते. सॉफ्टवेअरची चूक पुढच्या अपडेटनं दुरुस्त होते, बॅटरीची गेलेली क्षमता मात्र परत येत नाही. या भागात हा मुद्दा अमेरिकेपेक्षा जास्त मोजायला हवा.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा आपण सगळ्यांनी पाहिलाय. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं, परतणारा उजेड किंचित घटतो, आणि त्या चढउतारावरून घड्याळ नाडी मोजतं. हा चढउतार अगदी बारीक, आणि चालताना हात हलल्यानं होणारा बदल त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. म्हणून हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या मदतीनं सॉफ्टवेअरला हाताचं हलणं वजा करावं लागतं. ही वजाबाकी फसली की घड्याळ पावलांनाच ठोके समजतं. मिनिटाला १५० पावलं टाकणाऱ्याची नाडी १५० दाखवत राहतं, प्रत्यक्षात ती ११० असली तरी. पक्क्या आवृत्तीतही हे अधूनमधून घडतं. बीटात या हिशेबाला कुणी हात लावला असेल-नसेल, बाहेरून कळायला मार्ग नाही. शंका आली तर थांबून गळ्याशी दोन बोटं ठेवावीत, अर्धा मिनिट ठोके मोजून दुप्पट करावेत आणि घड्याळाशी ताडून बघावं. पैसा लागत नाही.

माझा लातूरचा भाचा अकरावीला आहे. “मामा, टाकू का बीटा? नवा फेस लई भारी आहे,” असं त्यानं विचारलं, तेव्हा मी उलट विचारलं, घड्याळ तुझ्यासाठी करतं काय? पावलं मोजतं, क्लासचा गजर लावतं, मेसेज दाखवतं. नीटच्या परीक्षेत तर ते नेताच येत नाही. मग टाक की! बिघडलं तर चार दिवस तोंड पाडून बसशील. त्याच्या आजोबांना मात्र हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा त्रास आहे. त्यांच्या हातात घड्याळ आहे ते हृदयाचा आलेख (ईसीजी) आणि पडल्यावर जाणारा फोन यांसाठी. त्या घड्याळाला बीटाचा वाराही लागू देऊ नये, बिघाडाची शक्यता हजारात एक असली तरी. शक्यता दोघांना सारखीच, नुकसान सारखं नाही, आणि धोका शक्यता आणि नुकसान यांच्या गुणाकारानं ठरतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय कामाचं सॉफ्टवेअरही औषध कायद्याखालच्या वैद्यकीय उपकरणांत मोजलं जातं. हृदयाचा आलेख ही करमणूक नाही, हे कायद्यानंही मानलंय.

भाच्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. वॉचओएसचा बीटा घ्यायचा तर जोडलेल्या आयफोनवरही त्याच पिढीचा आयओएस बीटा लागतो. म्हणजे पैज घड्याळापुरती राहत नाही. यूपीआय, बँकेचं ॲप, क्लासची फी, सगळं त्या फोनवर, आणि बँकांची ॲप बीटावर अडून बसू शकतात. हे ऐकल्यावर त्याचा उत्साह जरा निवळला. घरात जुना आयफोन आणि जुनं घड्याळ पडून असेल तर त्या जोडीवर खुशाल टाकावं, तेच खरं एकरभर रान.

ज्यांना टाकायचाच आहे त्यांनी पहिल्या बीटाच्या वाटेला जाऊ नये, निदान पब्लिक बीटापर्यंत थांबावं. फोनचा बॅकअप बीटाच्या आधी, संगणकावर आणि पासवर्ड लावून घ्यावा, कारण आरोग्याच्या नोंदी पासवर्ड नसलेल्या बॅकअपमध्ये जात नाहीत. शिवाय बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर बसेलच असं नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे तेही मोजावं. पुण्यातल्या माणसाचा अर्धा तास जातो, किनवट किंवा उमरग्याच्या माणसाचा अख्खा दिवस मोडतो.

टाकून बसलाच असाल आणि आता पस्तावत असाल, तर वाट पुढूनच आहे. सप्टेंबरात पक्की आवृत्ती येईपर्यंत मधले बीटा घेत राहायचे, कारण पहिल्यातल्या चुका त्यातच दुरुस्त होत जातात. पक्की आवृत्ती घड्याळात बसली की लगेच सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर अपडेटखाली बीटा अपडेट्स बंद करायचे, घड्याळाचे आणि फोनचे दोन्हीकडचे. चालढकल केली तर पुढच्या छोट्या आवृत्तीचा बीटा दारात उभाच असतो.