रॉकेट उडायच्या आधीच्या चंद्रवाऱ्या: रेडिओ आणि सिनेमातल्या जुन्या अंतराळकथांची पार्श्वभूमी

१९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत चंद्रावर निघालेले दोन सिनेमे मागेपुढे थिएटरला लागले. एक जॉर्ज पाल या प्रोड्युसरचा 'डेस्टिनेशन मून', रंगीत, तब्येतीत बनवलेला, आणि बनत असतानाच त्याच्याबद्दल इतकं छापून आलेलं की लोक वाटच बघत होते. दुसरा 'रॉकेटशिप एक्स-एम', रॉबर्ट लिपर्टच्या छोट्या कंपनीचा, ब्लॅक अँड व्हाइट, पालच्या पिक्चरची एवढी हवा झालीच आहे तर वाहत्या गंगेत आपणही हात धुवून घेऊ म्हणून अठराएक दिवसांत शूट करून मे महिन्याच्या शेवटी आधीच लावून टाकलेला. आणि सिनेमावाले सहसा सांगत नाहीत ती तिसरी गोष्ट म्हणजे त्याच सुमाराला अमेरिकन रेडिओवर मोठ्या माणसांसाठी म्हणून सायन्स फिक्शनच्या मालिका सुरू झाल्या, मार्चमध्ये म्युच्युअल नेटवर्कवर 'टू थाउजंड प्लस' आणि ८ एप्रिलला एनबीसीवर 'डायमेन्शन एक्स'. हे सगळं एकाच वर्षी कसं काय जमून आलं हे बघायचं तर मागे जावं लागतं, थेट बर्लिनपर्यंत.

त्याच्या आधीचं पटकन सांगतो. फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसने १९०२ मध्ये आपल्या सिनेमात तोफेतून माणसं चंद्रावर पाठवली, चंद्राच्या डोळ्यात गोळा घुसलाय ते चित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतंच. मेलिएस मुळात स्टेजवरचा जादूगार, त्याने पडद्यावर जादू दाखवली, आणि ती सुंदरच आहे, पण चंद्रावर खरंच जायचं झालं तर काय काय लागेल असा विचार त्यात नाही. तो विचार आला १५ ऑक्टोबर १९२९ ला बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवलेल्या 'फ्राऊ इम मोंड' म्हणजे 'चंद्रावरची बाई' या मूकपटात. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, लेखिका त्याची बायको थिया फॉन हार्बो. ह्या हार्बोचं नाव खरं तर आपल्याकडे जास्त माहीत असायला हवं, कारण लांगपासून वेगळी झाल्यावर तिने बेळगावकडच्या अयी तेंडुलकर या पत्रकाराशी लग्न केलं, तेही गुपचूप, कारण नाझींच्या राज्यात जर्मन बाईने भारतीय माणसाशी उघडपणे लग्न करणं शक्यच नव्हतं, आणि तरी ती स्वतः नाझी पक्षाची सदस्य होती. हा गुंता एका परिच्छेदात सुटणारा नाही, म्हणून पुढे जातो.

लांगने सल्लागार म्हणून हर्मान ओबर्थला घेतलं होतं, ज्याने १९२३ मध्ये ग्रहांवर रॉकेटने जाण्याचं गणित मांडणारं पुस्तक लिहिलं होतं, आणि सोबत रॉकेटवर लिहिणारा विली लाय. त्यामुळे त्या सिनेमात जे दिसतं ते आज बघताना अंगावर काटा येतो. अनेक टप्प्यांचं रॉकेट उभंच्या उभं एका प्रचंड शेडमधून सावकाश बाहेर येतं, उड्डाणाच्या वेळी माणसं धक्का सोसायला आडवी झोपलेली असतात, वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायला पट्टे आहेत. आणि आकडे उलटे मोजणं! मूकपट असल्यामुळे आवाज नाही, तर पडद्यावर पाट्या येतात, अजून दहा सेकंद, मग सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, आत्ता. लांगचं म्हणणं असं होतं की एक-दोन-तीन असं सुलटं मोजत गेलं तर प्रेक्षकाला थांबायचं कुठे ते कळत नाही, उलटं मोजलं की शून्य आलं की उडणार हे कळतं आणि जीव मुठीत येतो. म्हणजे आज श्रीहरिकोट्याहून यान उडताना आपण श्वास रोखून जे ऐकतो त्याची पडद्यावरची सुरुवात एका दिग्दर्शकाने प्रेक्षकाची नाडी ओळखून केली. चंद्रावर मात्र त्याने श्वास घेता येईल अशी हवा आणि सोनं दाखवलंय, कारण चेहरे झाकून प्रेमकथा सांगणार कशी.

ओबर्थला प्रीमियरसाठी जाहिरात म्हणून खरं रॉकेट उडवून दाखवायचं होतं, ते काही जमलं नाही, प्रयोगात स्फोट होऊन त्याच्या डोळ्याला इजा झाली. पण त्या खटपटीभोवती जी पोरं जमली त्यांत लवकरच रॉकेट इंजिनिअर वेर्नर फॉन ब्राउन आला, आणि ३ ऑक्टोबर १९४२ ला त्याच्या टीमचं व्ही-२ हे जर्मन लष्करी रॉकेट पहिल्यांदा नीट उडालं तेव्हा त्याच्या बुडाशी ह्याच सिनेमाचं चित्र रंगवलेलं होतं. मधल्या काळात नाझींनी सिनेमा वितरणातून काढूनही घेतला होता, त्यातलं रॉकेट गुप्त कामाच्या फार जवळ जातंय म्हणून. इथे नुसतं कौतुक करून मला पुढे जाता येत नाही. तेच व्ही-२ लंडन आणि अँटवर्पवर पडलं, आणि ते बनवताना छळछावणीतले हजारो कैदी मेले. चंद्रवारीचं स्वप्न आणि हे, दोन्ही एकाच कारखान्यातून निघालं.

रशियातही हेच, माणसं वेगळी. मॉसफिल्मच्या १९३६ च्या 'कॉस्मिचेस्की रेस' या मूकपटाचा सल्लागार होता रॉकेटप्रवासाचं गणित मांडणारा रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की, तेव्हा सत्तरीच्या पुढचा. त्याने सिनेमासाठी वहीभर स्केचेस काढून दिली, आतली माणसं हवेत कशी तरंगतील, कुठे धरतील वगैरे, आणि सिनेमा लोकांसमोर यायच्या आधीच, सप्टेंबर १९३५ मध्ये तो गेला. त्यातले प्रवासी उड्डाणाच्या वेळी द्रवाने भरलेल्या टाकीत शिरतात, कारण शरीराला धक्का कमी बसावा ही त्याचीच कल्पना.

अमेरिकेत तेव्हा कॉमिक्सवाल्यांचं राज्य होतं. बक रॉजर्स १९३२ मध्ये सीबीएस रेडिओवर आला, फ्लॅश गॉर्डन १९३६ मध्ये युनिव्हर्सलच्या तेरा भागांच्या सिरियलमधून पडद्यावर, दर शनिवारी पोरं थिएटरात. रॉकेटचा धूर मागे जायच्या ऐवजी वर जायचा, कोणाला फरक पडत नव्हता. १९३८ चं ऑर्सन वेल्सचं मंगळवाल्यांच्या हल्ल्याचं रेडिओनाट्य सगळ्यांना माहीत आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही, एवढंच सांगतो की देशभर हाहाकार माजला ही गोष्ट वर्तमानपत्रांनी पुष्कळ फुगवलेली होती. पण बातमीचा आवाज वापरला की खोटंही खरं वाटतं हे रेडिओवाल्यांनी तेव्हा बरोबर टिपून ठेवलं.

मग युद्ध झालं आणि सगळा मामला बदलला. रॉकेट ही आता कॉमिक्समधली वस्तू राहिली नाही, पकडून आणलेली व्ही-२ न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून उडायला लागली आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये त्यातल्या एकीने अंतराळातून पृथ्वीचा फोटोही काढला. वर अणुबॉम्ब. तोपर्यंत जे लेखक स्वस्त मासिकांत लिहीत होते त्यांच्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघू लागले. १९५० ला जे जमून आलं ते ह्यामुळे.

'डेस्टिनेशन मून'ची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांत आणि तांत्रिक सल्लागार म्हणून त्याच मासिकांतला सायन्स फिक्शन लेखक रॉबर्ट हाइनलाइन स्वतः होता, चंद्राचे देखावे रंगवायला चेस्ली बॉनेस्टेल. ह्या सिनेमात खलनायकच नाही, भांडण आहे ते इंधनाच्या वजनाशी. उतरताना इंधन जास्त जळतं, परत उडायचं तर यान हलकं करायला हवं, म्हणून माणसं करवत घेऊन आतल्या वस्तू कापून बाहेर फेकतात आणि तरी काही किलो कमी पडतात. मला हा भाग फार आवडतो, वजाबाकीवर एवढा ताण उभा केलेला दुसरा सिनेमा मी पाहिलेला नाही. मधे एक जण यानाबाहेर हातातून सुटून तरंगत जातो तर दुसरा ऑक्सिजनच्या टाकीचा झोत सोडून त्याच्यापर्यंत पोचतो, न्यूटनचा तिसरा नियम, डायलॉग न मारता.

सेटवरच्या खटपटी तर वाचतच राहाव्यात अशा आहेत. तारे दाखवायला काळ्या मखमली पडद्यासमोर गाडीच्या हेडलाइटचे बल्ब टांगले, तर रंगीत फिल्मवर प्रत्येक बल्बभोवती लालसर वलय यायला लागलं, मग एकेका बल्बवर हिरवं जिलेटिन म्हणजे रंगीत पारदर्शक कागद बसवला तेव्हा कुठे ते पांढरे दिसले. चंद्राची जमीन स्टुडिओत मावेना तर लांबच्या भागात बुटक्या माणसांना अंतराळवेशात उभं केलं, म्हणजे अंतर मोठं वाटावं. आणि जमिनीला चिखल वाळल्यासारख्या भेगा पाडल्या, ज्यावर बॉनेस्टेल नाराज होता, कारण चिखल म्हणजे पाणी आणि चंद्रावर पाणी कुठलं, पण कला दिग्दर्शकाला भेगा लहान लहान करत नेऊन खोली दाखवायची होती. स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. समोरच्या 'एक्स-एम'कडे असलं काही नव्हतं, पण त्याच्याकडे वेगळंच काही होतं: यान भरकटून मंगळावर पोचतं आणि तिथे अणुयुद्धाने संपलेली संस्कृती दिसते, मंगळाचे प्रसंग लालसर टिंट केलेले, आणि शेवटी कोणीही वाचत नाही. घाईत बनलेल्या पिक्चरने एवढी हिंमत दाखवली, त्याबद्दल त्याला मार्क द्यायलाच हवेत.

आता रेडिओ. एनबीसीच्या 'डायमेन्शन एक्स'ने 'डेस्टिनेशन मून'चं अर्ध्या तासाचं रेडिओरूप २४ जून १९५० ला लावलं, सिनेमा न्यूयॉर्कला लागायच्या तीन दिवस आधी. कार्यक्रम चालू असताना मधेच तो थांबवून न्यूज बुलेटिन आलं, उत्तर कोरियाने दक्षिण कोरियाविरुद्ध युद्ध पुकारल्याचं. बुलेटिन खरं होतं. लोक घरी बसून चंद्रावर चाललेले, आणि त्यातच कोरियाचं युद्ध सुरू झाल्याची बातमी, त्याच स्पीकरमधून. ह्या मालिकेचे दोन हुकमी लेखक होते अर्नेस्ट किनॉय आणि जॉर्ज लेफर्ट्स, ते मासिकांतल्या चांगल्या कथा घेऊन रेडिओसाठी बसवायचे, आणि हीच मंडळी पुढे १९५५ मध्ये 'एक्स मायनस वन' घेऊन परत आली, ज्याची सुरुवातच उलट मोजणीने व्हायची. म्हणजे बर्लिनच्या मूकपटातल्या पाट्या आता आवाज होऊन आल्या.

रेडिओला सेट लागत नाही, हेडलाइट लागत नाहीत, हे तर झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अंतराळात आवाजच नसतो, आणि यानातल्या माणसाला बाहेरचं जवळजवळ काही दिसत नाही, त्याला कळतं ते कानातल्या हेडफोनवरून. ऐकणाऱ्याची अवस्था हुबेहूब तीच. ही गोष्ट सगळ्यात नीट वापरली ती बीबीसीच्या चार्ल्स चिल्टनने. हा माणूस पोरवयात बीबीसीत निरोप्या म्हणून लागला आणि प्रोड्युसर झाला, आणि त्याची 'जर्नी इन्टू स्पेस' ही मालिका २१ सप्टेंबर १९५३ ला, सोमवारी संध्याकाळी सुरू झाली. गोष्ट १९६५ मधली, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून चार जण चंद्राकडे निघतात, जेट मॉर्गन, डॉक, मिच आणि रेडिओ सांभाळणारा लेमी. त्यातला लेमी हा लंडनच्या साध्या वस्तीतला, घाबरणारा, बडबड्या, आणि खरं सांगायचं तर मालिका त्याच्यामुळेच जिवंत वाटते, कारण आपण तिथे असतो तर आपणही तेच प्रश्न विचारले असते.

चंद्रावरून परत निघायच्या वेळी यानाची वीज जाते. दिवे नाहीत, पृथ्वीशी संपर्क नाही, आणि बाहेर चंद्राची पंधरवड्याची रात्र. सिनेमात हा प्रसंग म्हणजे काळा पडदा, रेडिओवर मात्र चार आवाज, त्यांचं मोजूनमापून श्वास घेणं, आणि लेमीला अधूनमधून ऐकू येणारं ते विचित्र संगीत. चिल्टन आठवड्याला एक भाग लिहायचा आणि सुरुवातीला थोडेच भाग ठरले होते, ते वाढत वाढत अठरा झाले, पुढे मंगळाची मालिका आली आणि नंतर तिसरी. संध्याकाळच्या वेळी टीव्हीपेक्षा जास्त लोकांनी ऐकलेला हा ब्रिटनमधला शेवटचा रेडिओ कार्यक्रम मानला जातो. जेट मॉर्गनचा आवाज म्हणजे अँड्र्यू फॉल्ड्स, तो नंतर लेबर पक्षाचा खासदार झाला.

ह्या सगळ्याला टोक आलं १९५७ मध्ये. लेनिनग्राडचा पावेल क्लुशान्त्सेव त्सिओल्कोव्स्कीच्या जन्मशताब्दीसाठी 'रोड टू द स्टार्स' म्हणून ओळखला जाणारा सिनेमा बनवत होता, त्यात तरंगणारी माणसं दाखवायला त्याने नटाला वरून तारांनी टांगलं आणि कॅमेरा खाली ठेवून सरळ वर रोखला, म्हणजे तारा नटाच्याच अंगाआड लपल्या. इतकी साधी युक्ती, आणि आजही बघताना जोड सापडत नाही. सिनेमा येईपर्यंत ४ ऑक्टोबरला स्पुटनिक वर गेला होता. तीन महिन्यांनी, ९ जानेवारी १९५८ ला 'एक्स मायनस वन' बंद झालं. त्याचं मुख्य कारण टीव्ही होतं, स्पुटनिक नव्हे, अमेरिकेत रेडिओनाटकाचाच दाणापाणी संपत आला होता.

सिनेमे निदान रिळांवर राहिले. रेडिओचं तसं नाही, 'जर्नी इन्टू स्पेस'च्या पहिल्या मालिकेच्या मूळ टेप बीबीसीने पुसून टाकल्या. आज पहिली मालिका म्हणून जी ऐकायला मिळते ती १९५८ मध्ये पुन्हा रेकॉर्ड केलेली, तेरा भागांत आटोपलेली आवृत्ती आहे, म्हणजे १९५३ मध्ये ब्रिटनने ते अठरा भाग जसे ऐकले तसे आता कोणालाच ऐकता येत नाहीत. 'डायमेन्शन एक्स'चे भाग मात्र मिळतात, २४ जूनचा तो भागही मधल्या बुलेटिनसकट मिळतो, कोणाला ऐकायला सुरुवात करायची असेल तर तिथून करा.