पाळण्यातलं नाव आणि हाकेतलं नाव

आमच्या आजीचं खरं नाव मला ती गेल्यावर कळलं. दाखल्यासाठी रेशन कार्ड शोधलं, तेव्हा. तोवर ती सगळ्या वाड्याची जिजी होती. पाळण्यात तिला एका नदीचं नाव ठेवलं होतं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं गेलं ते देवीचं, आणि या दोन्हींपैकी एकाही नावाने तिला कुणी हाक मारल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

हे पुन्हा डोक्यात आलं ते भाचीच्या बारशामुळे. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा. वहिनीने आधीच बजावून ठेवलं होतं, “ताई, देवाचं-बिवाचं नको, अवघडही नको. ऐकलं की माया वाटली पाहिजे.” सोबत फोनवर चाळीसेक नावांची यादी आली, प्रत्येक नावापुढे अर्थ.

कागदावरच्या नावातच माया असावी, ही मागणी मराठी घरांत तशी अलीकडची. शेकडो वर्षं आपल्याकडे हे काम हाकेच्या नावाने केलं. पाळण्यातल्या नावाकडे वेगळी कामं होती: देवाची आठवण ठेवणं, आजोबा-पणजोबांचं नाव पुढे चालवणं, नवस फेडणं, दृष्ट टाळणं. मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ती अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला केलेल्या नवसामुळे, असं परंपरा सांगते. राशीचं नाव तर उच्चारायचंच नसतं. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे 108 आद्याक्षरं. अश्विनी असेल तर चू, चे, चो, ला. ‘चे’वरून नाव शोधताना भल्याभल्यांची दमछाक होते, आणि मग ते नाव पत्रिकेतच राहतं.

जुन्या ग्रंथांत नावाचे नियम आहेत, आणि ते वाचताना गंमत वाटते. पारस्कर गृह्यसूत्र म्हणतं, मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं, सुरुवात ग, ज, द, ब अशा घोष वर्णाने, मध्ये य-र-ल-व यांपैकी काही. मुलीचं विषम अक्षरांचं आणि शेवटी आ. नाव ठेवतो बाप. आत्या तिथे कुठेच नाही, ती आपल्याकडच्या बायकांनी आणून बसवली असणार. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाबद्दल जे सांगितलंय, ती थेट आमच्या वहिनीची अट: सहज उच्चारता येणारं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मन रमवणारं, आशीर्वादासारखं. पण त्याच्या दोनच श्लोक आधी काय आहे तेही वाचावं. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस येईल असं.

महाराष्ट्रात याचं काय झालं ते गावोगावच्या जुन्या हजेरीपटांत दिसतं. कचरू, केरबा, धोंड्या, दगड्या. यातली गुंतागुंत अशी की हीच नावं काही घरांत अतिप्रेमानेही ठेवली जात. आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव मुद्दाम असं ठेवायचं की सटवीला, काळाला, कुणाच्या नजरेला त्यात घेण्यासारखं काही वाटू नये. भिकाजी, भिकू, भिकूबाई ही मागून घेतलेली मुलं. मूल सुपात घालून शेजारणीच्या हाती द्यायचं आणि पदर पसरून परत मागायचं, म्हणजे ते आपलं राहिलंच नाही, नेणार कुणाचं? अधिकाला धोंड्याचा महिना म्हणतात, त्या महिन्यात जन्मला म्हणूनही धोंडू. 1857च्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत, महर्षी कर्व्यांचं धोंडो केशव. शब्दकोशात अर्थ दगड, आणि त्यामागे पोर वाचावं म्हणून टेकीला आलेली एखादी आई असू शकते. नावाचा अर्थ आणि नावामागची भावना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अर्थांच्या याद्यांना कधी कळत नाही.

नकुशीला मात्र असली कुठलीही सबब नाही. ‘नको होती’ एवढंच ते नाव. ऑक्टोबर 2011मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. त्यातल्या शाळेत जाणाऱ्या पोरी रोज त्या नावाला ‘हजर’ म्हणत होत्या.

मग माया होती कुठे? ती प्रत्ययांत होती. ‘-बा’, ‘-ई’, ‘-आई’, ‘-ऊ’. विठ्ठलाचा विठोबा होतो, विठू होतो, आणि मन भरून आलं की विठाई. अशी सलगी करायला मराठी माणसाने देवालाही सोडलं नाही, मग लेकराला कोण सोडतो. आळंदीच्या चार भावंडांची नावं बघा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता: संसारातून मागे फिरणं, ज्ञान, पायऱ्या, सुटका. चार नावांत अख्खं वेदान्त. एवढ्या जड नावांचं वारकऱ्यांनी काय केलं? ज्ञानोबा, सोपानकाका, मुक्ताई, आणि शेवटी तर नाव गाळून नुसती माउली. त्याआधी महानुभावांच्या लीळाचरित्रात भेटतात त्या बाइसा, महदाइसा. तिथेही नावाच्या शेपटाला आदर आणि आपलेपणा एकदमच बांधलेला.

‘-जी’ हा प्रत्यय तर धर्मही ओलांडून गेला. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात शमुवेलचा समाजी झाला होता. मुंबईत 1796मध्ये त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर घरीदारी समाजी हसाजी दिवेकर होते. बायबलमधलं नाव आणि रायगड जिल्ह्यातलं अंगण, दोन्ही शाबूत.

पेशव्यांच्या घरात तर कागदावरची नावं जवळजवळ पाहुणीच. थोरले बाजीराव म्हणजे राऊ. त्यांचे धाकटे बंधू चिमणाजी, ऊर्फ चिमाजी अप्पा. चिमणं म्हणजे लहानगं. वसईचा किल्ला 1739मध्ये घेणाऱ्या सेनापतीचं नाव ‘लहानगा’ या अर्थाचं होतं, यात कुणाला वावगं वाटलं नाही. पुढच्या पिढीत नानासाहेब, भाऊसाहेब, दादासाहेब. पानिपतावर पडले ते सदाशिवराव, पण बखर लिहिली गेली भाऊसाहेबांची. आणि टिळक. पाळण्यातलं नाव केशव, घरात म्हणत बाळ, आणि इतिहासात गेलं ते ‘बाळ’च. सिंहगर्जना म्हणून ज्यांचं वर्णन करतो त्यांच्या नावात आपण रोज एका तान्ह्याला हाक मारतो.

मुलींच्या बाबतीत हाकेचं नाव आणखी मोलाचं, कारण कागदावरचं त्यांचं राहीलच याची खात्री नसे. एकोणिसाव्या शतकातल्या काही ठळक बायका ओळीने मांडल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरी यमुना. रमाबाई रानडे, त्याही यमुना. आनंदीबाई कर्वे माहेरी गोदू, म्हणजे गोदावरी. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. माहेरी सगळ्या नद्या, सासरी आनंदी, रमा, सत्यभामा. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका, हाकेला मनू. झाशीच्या राणीचंही अगदी तेच, मनकर्णिका, मनू आणि मग लक्ष्मीबाई. मनू म्हणणारं माणूस एकदा गेलं की ते नावही जायचं. आमच्या जिजीला माहेरी काय म्हणत, हे विचारायला आज कुणी उरलेलं नाही.

नावातच माया हवी, ही कल्पना विसाव्या शतकात रुजली. कुसुम, मालती, नलिनी, सुमन अशी फुलं आली, शरद-वसंत-हेमंत असे ऋतू आले, सुभाष आला. एस. डी. बर्मन यांच्या प्रेमापोटी तेंडुलकरांकडे 1973मध्ये सचिन आला. या सगळ्यात मला सर्वांत मोठा वाटतो तो मात्र 1956चा बदल. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927ला महाडला मनुस्मृती जाळली होती. जुगुप्सित नावांचा तो श्लोकही त्या आगीतच गेला. त्यांनी काढलेल्या महाविद्यालयांची नावं बघा: मुंबईत 1946चं सिद्धार्थ, औरंगाबादचं मिलिंद. 14 ऑक्टोबर 1956च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पाळणे बदलले. ज्या घरांत आजोबा कचरू होते तिथे नातू राहुल, मिलिंद, आनंद झाला. नात सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा, मैत्री. यातली काही नावं आज सगळ्याच घरांत आहेत, पण त्यांची वाट कुठून आली ते विसरलं जातं. बौद्ध परंपरेतल्या चार ब्रह्मविहारांपैकी मैत्री, करुणा आणि मुदिता ही तीन तर मुलींची नावं म्हणून जशीच्या तशी उचलावी अशी. चौथा उपेक्षा. तिचा मूळ अर्थ समतोल मन, पण मराठीत त्या शब्दाची जी गत झाली ती पाहता कुणी आपल्या मुलीला ते नाव देणार नाही.

शब्दाची गत उलटीही होते. ‘माया’ हे त्याचं उत्तम उदाहरण. वेदान्तात माया म्हणजे भुलवणारा पसारा. मराठीने तोच शब्द उचलून कुशीत घेतला: माया लावणं, मायाळू, वेडी माया. (पैसाअडका हाही एक अर्थ आहे, तो नाव ठेवताना कुणी सांगत नाही.) ‘ममता’ म्हणजे मुळात ‘हे माझं’ असं वाटणं; साधुसंतांनी ती सोडायला सांगितली आणि आयांनी ती मुलींना नाव म्हणून दिली. ‘वत्सला’ आज पणजीचं नाव वाटतं. ‘वत्स’ म्हणजे वासरू. वासराला चाटणाऱ्या गाईची ओढ त्यात आहे, वसुबारसेला गाय-वासराला ओवाळताना दिसते ती. आणि ‘स्नेह’ म्हणजे चक्क तेल. स्नेहा, स्नेहल, स्निग्धा या सगळ्या त्या तेलाच्या लेकी. संक्रांतीला तीळ हातावर ठेवून गोड बोलायला सांगतात, त्यामागे हाच स्नेह. जानेवारीतल्या कोरड्या थंडीत तीळ भाजताना सुटणारा वास आठवा, नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

वहिनीच्या यादीने मात्र निराशा केली. ‘आरव’पुढे लिहिलं होतं ‘शांत’. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. बाळांच्या बाबतीत तोच अर्थ जास्त खरा, पण म्हणून काय झालं. ‘अनया’पुढे देवाची कृपा; संस्कृतात अनय म्हणजे अनीती. काही नावांपुढे ‘विष्णूचा अंश’ लिहिलं होतं, ती कुठल्याच कोशात नाहीत. कानाला गोड लागतं म्हणून नाव ठेवायला माझी हरकत नाही. खोटा अर्थ चिकटवायची गरज नसते एवढंच.

बाराव्या दिवशी पाळणा टांगला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरला. मी बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगितलं, कुर्र केलं आणि पाठीत चार धपाटे खाल्ले, त्यातला एक वहिनीच्या आईचा आणि जरा जोरातच. मग घुगऱ्या. नाव ठेवलं मुदिता: दुसऱ्याच्या आनंदात होणारा आनंद. तीन अक्षरं, शेवटी आ. पारस्करांचीही ना नसावी.

जन्मदाखल्यावर बाळाचं नाव बारा महिन्यांत विनाशुल्क चढवता येतं. 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा राज्य सरकारचा नियम आहे. आईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाला हे विशेष वाटलं नसतं. दादा लगेच जाऊन अर्ज देऊन आला. दाखला मिळाला, त्यावर ‘मुदीता’ असं छापून आलंय. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, पुढच्या आठवड्यात या म्हणालेत. तोवर, आणि बहुधा नंतरही, घरात ती चिऊ आहे.