सागाला वाळवी लागत नाही म्हणतात, ते किती खरं?

फर्निचरच्या दुकानात पाय ठेवला की हे वाक्य ऐकू येतंच: "ताई, प्युअर साग आहे, वाळवीचं नावच नको." घरातली जुनी माणसंही तेच सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

सागाच्या खोडात मधला गाभा सोनेरी-तपकिरी असतो आणि सालीलगतचा थर पांढरट-पिवळसर. वाळवीला रोखणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं मुख्यतः गाभ्यात असतात. पांढऱ्या भागात उलट साखर आणि स्टार्च, म्हणजे वाळवीला आणि भुंग्याला आयतं जेवण. आजीच्या कपाटाला काही झालं नाही, कारण ते जुन्या, जाड झाडाच्या गाभ्याचं होतं. आता बाजारात लागवडीतल्या कोवळ्या झाडांचं लाकूडही भरपूर येतं. तेही सागच, पण त्यात पांढरा भाग जास्त.

गडद पॉलिश चढलं की दोन्ही एकसारखे दिसतात. म्हणून पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये जा किंवा गल्लीतल्या मिस्त्रीकडे, माल पॉलिशआधी बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागची बाजू पाहा, पलंगाच्या पायाचं कापलेलं टोक पाहा. कडेला फिकट पट्टा दिसला तर तो पांढरा भाग. थोडा असेल तर बोरॅक्स-बोरिक ॲसिडची कीडरोधक प्रक्रिया करून चालतो. फक्त भाव गाभ्याचा देऊ नका. तयार मालात ही तपासणी अवघड जाते, मिस्त्रीकडे मात्र फळी तुमच्यासमोरच रंधली जाते.

आणि हो, कपाटाची पाठ बहुधा प्लायचीच असते. वाळवी तिथूनही शिरते.